पहारेकऱ्याचा वाटा

देवानं माणसाला दहा बोटं दिली ती मोजायला सोपं जावं म्हणून, असं म्हणतात. त्यातली तीन दुकानाची, हे कुणी ठरवलं ते मात्र कुठल्याच पोथीत सापडत नाही. धाकट्याचं सगळं दुःख त्या तीन बोटांत मावत होतं.

तीन भावंडांतला शेवटचा म्हणून तो धाकटा. आता कानशिलांवर पांढरं आलं होतं तरी नाव तेच राहिलं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यानं लहान मुलांच्या गोष्टींचं एक ॲप केलं. ॲप त्याचं, पण गोष्टी आणि गळा आत्याचा. आत्यानं एकतीस वर्षं शिशुवर्ग सांभाळला होता आणि निवृत्त झाल्यावर ती याच्याकडेच राहायला आली होती. गोष्ट सांगता सांगता ती गाण्यात कधी शिरायची आणि गाण्यातून पुन्हा गोष्टीत कधी यायची ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही. नदीवरचा पूल ओलांडल्यावर मागं वळून बघावं आणि अरेच्चा, पूल होता होय, असं वाटावं, तसं. तिचा आवाज ध्वनिमुद्रित करायला स्टुडिओ परवडत नव्हता. म्हणून झोपायच्या खोलीतल्या कपाटात, टांगलेल्या कोटांच्या आणि घडी केलेल्या पांघरुणांच्या मधोमध एक स्टूल टाकलं होतं. आत्या आत बसायची, दार लावून घ्यायची, देवाचं नाव घ्यायची आणि सुरू व्हायची. कपाटातून गाणं येतंय याचं त्या घरात कुणाला नवल उरलं नव्हतं.

ॲप लोकांच्या फोनवर पोचवायचं तर वाट एकच. ती म्हणजे दुकान. हे दुकान शटर आणि गल्ल्याचं नव्हे. ते फोनच्या आतच राहतं, चोवीस तास उघडं असतं आणि मालकाचं तोंड कुणी पाहिलेलं नसतं. आईबापांनी गोष्टींची वर्गणी भरली की दहातले तीन दुकान ठेवून घ्यायचं आणि सात धाकट्याला द्यायचं. आणि घर चालायला नेमके तेवढेच कमी पडत होते, जेवढे दुकान ठेवून घेत होतं.

बायको दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात होती. मापात बसेल तेच खरं, असं मानणारी बाई. तिनं सांगून ठेवलं होतं, "वर्षअखेरपर्यंत घर यावर चाललं तर चाललं. नाहीतर जुन्या साहेबांकडे." आणि जुने साहेब तर रस्त्यात भेटले की म्हणायचे, "खुर्ची ठेवलीय रे तुझी. धूळ मात्र तुलाच पुसावी लागेल." धाकट्याला भूतापेक्षा त्या खुर्चीची भीती जास्त होती.

उपाय सोपा होता. स्वतःच्या वेबसाइटवर पैसे भरायची सोय करायची. तिथं बँकवाले शंभरातले तीन घेतात, दहातले नाहीत. धाकट्यानं एका आठवड्यात ती सोय केलीही. अडचण एवढीच की, अशी सोय आहे हे ॲपमध्ये सांगायला दुकानाची मनाई होती. म्हणजे पाण्याची टाकी भरलेली, नळही बसवलेला, फक्त तहानलेल्याला नळ कुठं आहे ते सांगायचं नाही.

त्यानं पहिल्यांदा लिहिलं, "वर्गणी आमच्या वेबसाइटवर स्वस्त पडते." दुकानाच्या तपासणी खात्याचं उत्तर आलं, "आपल्या मेहनतीबद्दल आम्हांला आदर आहे. तथापि आपलं ॲप बाहेरच्या व्यवहाराकडे बोट दाखवतं."

मग त्यानं स्वस्त काढून टाकलं आणि लिहिलं, "आमची वेबसाइट आहे." पुन्हा आदर आला, पुन्हा तथापि आलं.

मग वेबसाइट काढली. "आम्हांला शोधा." आदर, तथापि. शोधण्यानं माणूस दुकानाबाहेर जाऊ शकतो, असं खात्याचं म्हणणं पडलं.

मग सगळी अक्षरंच काढली. पहिल्या पानावर फक्त आत्याचं चित्र राहिलं, गोष्ट सांगताना ती एक बोट वर करते ना, तसं. यावेळचं उत्तर जरा लांब होतं. चित्रातल्या वयस्क बाईंचं बोट चौकटीच्या उजव्या कडेबाहेर रोखलेलं आहे, त्यातून बाहेरच्या व्यवहाराचा इशारा संभवतो.

"मग आता काय राहिलं?" बायकोनं विचारलं.

"आत्या. दोन्ही हात मांडीवर ठेवून."

"शाळेच्या फोटोत बसवल्यासारखी?"

"तसंच. पास झाली."

हे सगळं रविवारी दुपारी बायकोच्या भावासमोर चाललं होतं. मेहुणा जाहिरातींच्या धंद्यात होता. कोण कुठं बसून फोन बघतोय हे हुडकण्यावरच त्याचं पोट चालायचं. तो चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "भाऊजी, हे तपासणारे बसतात कुठं?"

"एकाच शहरात. एकाच काचेच्या इमारतीत म्हणे."

"मग झालं की. फोन कुठं आहे ते ॲपला कळतं ना? त्या शहरात असला तर बटण दाखवायचं नाही. दुसरीकडे असला तर दाखवायचं. तपासणाऱ्याला भिंत दिसेल, गिऱ्हाइकाला दार."

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? सासरा आला की तुम्ही पत्ते सतरंजीखाली सरकवता, ती लबाडी आहे का? तो मान आहे मान."

बिस्कीट तेवढ्यात चहात पडलं. मेहुण्यानं ते चमच्यानं शोधून काढेपर्यंत धाकट्याचं मत बदललं होतं. काम प्रोग्रॅममधल्या चार ओळींचं होतं, आणि चार ओळींच्या पापाला देव काय एवढा हिशेब विचारणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्या ओळींना त्यानं नाव दिलं पडदा. बायकोला सांगितलं, आत्याला सांगितलं नाही.

आणि पडदा चालला. दोन महिने असा चालला की काही विचारू नका. आईबाप बटण दाबायचे, वेबसाइटवर जायचे, पैसे भरायचे. घरात सातांऐवजी जवळजवळ दहा यायला लागले. धाकटा जिना दोन दोन पायऱ्या सोडून चढू लागला. जुने साहेब रस्त्यात दिसले तर पूर्वी पलीकडच्या फुटपाथवर जायचा, आता थांबून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला.

तिसऱ्या महिन्यात पत्र आलं.

तो शनिवार होता, दुपारचे साडेतीन. संगणक झोपायच्या खोलीतच असल्यामुळे बायको आणि चहाबिस्किटासकट मेहुणा तिथंच गोळा झाले. वरच्या मजल्यावर कुणीतरी सकाळपासून भिंतीला भोकं पाडत होतं, ते आत्ता कुठं थांबलं होतं. धाकट्यानं पत्र मोठ्यानं वाचलं.

"आपल्या मेहनतीबद्दल आम्हांला आदर आहे. मी तपासणी खात्यात काम करते. या आठवड्यात सुट्टी घेऊन आईकडे, दुसऱ्या गावी आले आहे. काल दुपारी मुलीला झोपवण्यासाठी आपलं ॲप उघडलं. तिथं पैसे भरण्याचं एक बटण दिसलं. ऑफिसात याच फोनवर, याच ॲपमध्ये ते मला कधीही दिसलेलं नाही. सोबत छायाचित्र जोडलं आहे. चौदा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा ॲप दुकानातून काढण्यात येईल." आणि त्याखाली, नियमात न बसणाऱ्या दोन ओळी. "आत्यांच्या आवाजानं मुलगी दहा मिनिटांत झोपते. त्याबद्दल मनापासून आभार. खुलासा मात्र करावा."

शहर मोजलं, इमारत मोजली, काचासुद्धा मोजल्या. तपासणाऱ्या बाईला आई असते आणि ती दुसऱ्या गावी राहू शकते, हे कुणाच्या मोजण्यात आलं नव्हतं.

मेहुण्यानं मान हलवली. "लिहून टाका, चुकून आलं. बटणं काय, येतात कधीकधी चुकून."

"कवळीत एखादा दात चुकून जास्त येतो का रे?" बायको म्हणाली.

"ताई, तू दातांचं दातांपुरतं ठेव."

"आमच्याकडे जास्त दात आला तर बनवणाऱ्याला घरी पाठवतात."

"अगं, मोठ्या कंपन्या रोज अशी बटणं लावतात आणि रोज चुकून लावतात. भाऊजी, तुम्ही लिहाच. चुकून आलं."

"चुकून नाही आलेलं," कपाट म्हणालं.

दार उघडलं. आत्या आत स्टुलावर बसली होती, खांद्यावर कोटाची बाही, कानाला हेडफोन. वरचा ठोकठोकाट थांबायची ती तासभर मुकाट्यानं वाट बघत होती, आणि नेमकी शांतता झाली तेव्हा तिला हे ऐकावं लागलं. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"पडदा म्हणजे काय ते मला नीट सांग."

धाकट्यानं सांगितलं. सांगताना तो आपोआप उभा राहिला होता.

"म्हणजे माझ्या गोष्टीला तू चोरदरवाजा बसवलास."

"आत्या, अगं ते दहातले तीन घेतात."

"घेतात ना? मग पटत नाही म्हणून सांग त्यांना तोंडावर."

"त्यांना तोंड नाही आत्या. फॉर्म आहे."

"आणि म्हणून ज्याला तोंड नाही त्याच्या डोळ्यांत धूळ टाकलीस." ती स्टुलावरून उठली नाही, पण कपाटाचा वर्ग झाला होता. "एकतीस वर्षं मी पोरांना सांगितलं, कुंपणावरून उडी मारू नका, फाटकातून जा. फाटक लावलेलं असलं तर मला हाक मारा, मी येऊन भांडते. भांडलेसुद्धा. शिपायाला विचार, जिवंत असला तर. आणि माझ्याच घरात पोरगा कुंपणावरून जातोय, तेही माझं गाणं पुढं करून."

"आत्याबाई, तुम्ही धंदा—" मेहुणा सुरू झाला.

"तू बस. तुझं नाक पूस आधी, बिस्कीट लागलंय."

मेहुण्यानं नाक पुसलं.

"बटण काढ," आत्या धाकट्याला म्हणाली. "नाहीतर माझा आवाज काढ. दोन्हीतलं सोपं असेल ते कर."

धाकट्यानं बटण काढलं. खुलाशाच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी होती. तांत्रिक चूक, नियमाबाबत गैरसमज, तिसऱ्या व्यक्तीचा हस्तक्षेप, इतर. त्यानं इतर निवडलं आणि खाली लिहिलं, "बटण मुद्दाम लावलं होतं. आपल्यापासून लपवलंही होतं. काढलं आहे."

दोन दिवसांनी उत्तर आलं, "आपला खुलासा आम्हांला समजला नाही. कृपया 'तांत्रिक चूक' निवडून पुन्हा पाठवावा."

"बघा, त्यांनाही चुकूनच पाहिजे," मेहुणा फोनवरून म्हणाला.

आत्यानं ऐकलं नाही. इतर म्हणजे इतरच. तीनदा तोच खुलासा गेला. चौथ्यांदा खात्यात कुणी तरी कंटाळलं असावं, किंवा कुणाला तरी देवानं बुद्धी दिली असावी. 'इतर' स्वीकारलं गेलं, ॲप राहिलं. पण दहा पुन्हा सात झाले. वर्ष संपायला दहा आठवडे राहिले होते. धाकटा जिन्याची एकेक पायरी चढू लागला.

 मग एके दिवशी सकाळीच कपाटात जाऊन बसली आणि जेवणाच्या वेळेला बाहेर आली. नवी गोष्ट तयार होती.

एक शिट्टीवाली होती. लाकडाच्या शिट्ट्या करायची. गावाला भली उंच भिंत, भिंतीला एकच फाटक, फाटकावर पहारेकरी. शिट्टीवाली दहा शिट्ट्या घेऊन आली की पहारेकरी गायचा,

दहातल्या तीन ठेव, बाई, मग आत ये;
सातांवरती गोड हस, बाई, मग आत ये.

"कशाबद्दल तीन?" ती विचारायची. "फाटकाबद्दल," तो म्हणायचा. एकदा तिनं शिट्ट्या केसांत लपवल्या. नेमका वारा सुटला आणि दहाही शिट्ट्या एकदम वाजल्या. पहारेकऱ्यानं कान धरायला लावले. तेव्हा ती म्हणाली, लपवलं हे माझं चुकलं, पण तीन जास्त आहेत हे माझं चुकलेलं नाही. आणि ती फाटकाबाहेरच्या झाडाखाली जाऊन बसली. भिंतीला कान नसतील, मुलांना असतात. तिनं शिट्टी वाजवली. आतल्या एका मुलीनं आईचं बोट धरलं आणि दोघी फाटकातून बाहेर आल्या. बाहेर जाणाऱ्याला काही द्यावं लागत नव्हतं.

धाकट्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "आत्या, हे पास होणार नाही."

"का? यात बटण आहे का? बोट आहे का? बाई झाडाखाली बसलीय. बसू दे की."

एरवी एका दिवसात येणारं उत्तर सहा दिवसांनी आलं. खात्याला गोष्टीबद्दल आदर होता, तथापि गोष्टीतला पहारेकरी एकांगी रंगवला आहे.

धाकट्यानं नम्रपणे विचारलं, हे कोणत्या नियमाविरुद्ध आहे?

उत्तर आलं, अन्य व्यक्ती वा संस्थेच्या बदनामीच्या नियमाविरुद्ध.

त्यानं त्याहून नम्रपणे विचारलं, कोणत्या संस्थेच्या?

यावर चार दिवस शांतता पसरली. काचेच्या इमारतीत म्हणे त्यावर दोन बैठका झाल्या. पहारेकरी म्हणजे आपण नव्हे, असं म्हणावं तर हरकत कुणाची? आणि आपणच, असं म्हणावं तर झालंच. शेवटी पत्र आलं. पहारेकरी रस्ता झाडतो, चोरांना अडवतो, फाटकावर दिवा लावतो. गोष्टीत याचा कुठंही उल्लेख नाही.

धाकटा हसत सुटला. आत्या हसली नाही.

"खरंच की," ती म्हणाली. "राहिलंच ते. गाव सुरक्षित ठेवतो बिचारा. त्याचं त्याला द्यायला हवं." आणि कपाटात जाऊन तिनं एक कडवं घातलं, पहारेकऱ्याच्या झाडूचं. इतकं गोड घातलं की बायकोनं कवळ्या घासताना तेच गुणगुणायला सुरुवात केली.

गोष्ट पास झाली. आणि मग भलतंच झालं. मुलांना शिट्टीवालीपेक्षा पहारेकरी जास्त आवडला. घरोघरी पोरं दारात झाडू घेऊन उभी राहू लागली आणि बापाला म्हणू लागली, दहातल्या तीन ठेव, मग आत ये. काही आईबापांना झाडाचा अर्थ उमगला, ते वेबसाइट शोधत आले. बाकीच्यांनी कौतुकानं दुकानातच पैसे भरले. दोन्हीकडून थोडं थोडं वाढलं, पण घर चालण्याइतकं नाही.

वर्ष संपायला तीन आठवडे असताना दुकानाचं एक वेगळं पत्र आलं, तथापि नसलेलं. पहारेकऱ्याची गोष्ट आपल्या पहिल्या पानावर लावायची दुकानाची इच्छा होती. आमची निवड, असा शिक्का मारून. पहिल्या पानावर लागलेलं ॲप वर्षभर उताणं पडून खातं, हे धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. अट एकच, तीही विनंती म्हणून. शेवटी शिट्टीवालीनं फाटकातून आत यावं. हसत. खाली दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य.

मेहुण्याला फोन लागला तेव्हा तो गाडी चालवत होता. तो गाडी बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, आता देव प्रसन्न झालाय, तुम्ही तोंड फिरवू नका. बाईला चार पावलं चालवायची आहेत फक्त. तिचं वय काय असं झालंय?"

धाकटा उठून कपाटापाशी गेला. आत आत्या गात होती. त्यानं दारावर टकटक करायला हात उचलला. विचारलं तर ती काय म्हणेल हे त्याला ठाऊक होतं, आणि तिनं म्हटलं म्हणून नाही म्हटलं असं झालं असतं. खुर्ची तर त्याची होती. धूळही त्याचीच. हात खाली घेऊन तो परत आला आणि अमान्य दाबलं. कारण विचारायला छोटी चौकट उघडली. त्यानं लिहिलं, "तीन जास्त आहेत. कमी केले तर ती येईल." दोन वर्षांत त्यानं दुकानाला हे पहिल्यांदाच सांगितलं होतं. केसांत काही लपवलं नव्हतं.

बायको मागं उभी होती. तिनं संगणकावरचं वाचलं.

"सांगायचंस तरी."

"तू काय म्हणाली असतीस?"

"मान्य दाब म्हणाले असते. आणि मग आठवडाभर तुझ्याशी बोलले नसते." तिनं त्याच्या खांद्यावरचा दोरा उचलून टाकला. "मग साहेब?"

"अर्धा दिवस मागून बघतो. दुपारी एकपर्यंत. पुढं हे."

साहेबांनी अर्धा दिवस दिला, वर दीड तास उपदेशही दिला, तो फुकट होता. पहिल्या सोमवारी सकाळी धाकटा दारात बूट शोधत होता तेव्हा आत्या बाहेर आली. तिला सगळं मेहुण्याकडून कळलं होतं. त्याच्या पोटात काही राहत नसे.  तिनं बूट घेतले, आपल्या रुमालानं पुसले आणि त्याच्या पुढ्यात ठेवले.

"आत्या, अगं काय करतेस."

"घाल. साहेबांकडे असं जाऊ नये. आणि एकला वेळेवर ये, झाडाखाली आता एकशे बारा घरं आहेत."

"तुला कसं कळलं?"

"सूनबाईला विचारते रोज." ती कपाटाकडे वळली. "एक बाई काल आईला घेऊन आली म्हणे. आईला गोष्टी ऐकायच्यात, झोप येत नाही तिला. म्हाताऱ्यांना काय सांगावं हा विचार करतेय. जा तू, उशीर होईल."